चूल रोज पेटली पायजे

पोखर्णी, १२ डिसेंबर १९५६

बायनाक्का,

नमस्कार लिहायला हात धजत न्हाई, म्हून तशीच सुरू करते. तू हे पत्र न वाचता फाडशील असं हे म्हणायलेत. फाड. पर आमी कुठं हाव एवढं तुला ठावूक असावं. परभणीची खोली सोडली. आता पोखर्णीला ऱ्हातोत.

तुझ्या अंगावर मी वरवंटा उगारला, ते खरं हाय. बाळाला पुरून आठ दिस झाले न्हाई तर तू माझ्याच चुलीपाशी बसून म्हणलीस, "आमच्याकडं सिकंदराबादला आले असतात तर लेकरू जगलं असतं, तुमच्या हट्टानं मारलं त्याला." भाऊजी मधी पडले म्हून तुझं डोकं वाचलं. मला त्याचं वाईट वाटतं का, हे माझं मलाच अजून कळंना.

पर ती खोली तू बघितलीस. टांगेवाल्याच्या तबेल्यामागं, उंबऱ्याखालून गटार. पावसात पाणी वाकळंला लागायचं. बाळ गेलं, मंग थोरली लेक केवळा खोकाय लागली, आन् त्यातच घरमालक भाडं वाढवून मागाय लागला. एक दिस हे कापसाच्या जिनिंगमधून आले आन् म्हणले, "कमळे, दोनच वाटा हायेत. एक तर मी दमायचं, न्हाई तर लेकरानं खोकायचं. मी दमतो."

मंग सायकल घेतली, जुनीच. पोखर्णी ते परभणी पाच कोस. आगगाडी हाय, पर तिची येळ जिनिंगच्या भोंग्याशी जुळत न्हाई. हे तांबडं फुटायच्या आधी निघतेत. सांजंला येतेत तवा पापण्यांवर धूळ आन् बंडीला कापसाचे फुंदे. मांड्या दगडावानी झालेल्या असतेत. मी तेल लावते. हे म्हणतेत, "जाणं-येणं जीव काढतं, पर हितं आल्यावर छाती भरून वारं घेता येतं."

आन् घर म्हणशील तर लय मोठं हाय. माळवदाचं, तीन खणाचं. खाली शहाबादी फरशी, मागं आड, पाणी गोड. नरसिंहाच्या देवळाची घंटा अंगणात ऐकू येती. केवळाचा खोकला पंधरवड्यात गेला. मालक व्यंकटराव परभणीत ऱ्हातेत, मोठे जमीनदार हायेत. भाडं निव्वळ नावाला. त्यांची अट एकच. "घर एक दिसबी बंद ऱ्हायचं न्हाई. चूल रोज पेटली पायजे. कुठं जायचं असंल तर आधी मला सांगायचं." मला वाटलं, घरावर माया असंल माणसाची.

दाराची आतली कडी तेवढी उपटलेली व्हती, भवतालचं लाकूडबी चिरलेलं. ह्यांनी जिनिंगमधून लोखंडाची पट्टी आणून ठोकली.

भाऊजींना नमस्कार. तू उत्तर दे न्हाई तर नको देऊ.

कमळ


पोखर्णी, २० जानेवारी १९५७

अक्का,

संक्रांतीचा तीळगूळ कुणाला द्यावा म्हून ताट घेऊन निघाले. तीन दारं लावून घेतली माझ्या तोंडावर. चौथ्या घरच्या बाईनं तीळगूळ घेतला आन् माझ्यासमोर कुत्र्याला घातला. मी ताट घेऊन आले आन् आडापाशी बसून ऱ्हायले.

आमच्या मागच्या रानात धनगरांची मेंढरं बसवलीत. त्यांच्यातली कोंडाबाई म्हून म्हातारी हाय, पाणी न्यायला येती. तिनं तीळगूळ तोंडात टाकला आन् म्हणली, "माय, तुला कुणीच सांगितलं न्हाई का?"

मंग तिनं सांगितलं. हे घर व्यंकटरावचं एकट्याचं न्हाई. त्याचा चुलतभाऊ भुजंगराव हितंच ऱ्हातो, गावाच्या खालच्या अंगाला. रझाकारांच्या टायमाला गाव पळालं. व्यंकटराव बी पळाला. भुजंगरावची माय लुळी व्हती, तिला उचलून किती लांब नेणार, म्हून तो ह्या घरात तिच्याजवळ ऱ्हायला. रझाकारांनी त्याला अंगणात उलटा टांगला. एक कान कापला. माय आतल्या खणात ते ऐकत ऐकत मेली. पोलीस ॲक्शन झाल्यावर व्यंकटराव वापस आला तो घराचा कागुद घेऊनच, उर्दूतला. सगळं घर त्याच्या एकट्याच्या नावावर. भुजंगरावला त्यानं बाहीर काढला. तवापासून कोर्टात हाय. आता हैदराबादचं राज मोडून आपुन मुंबईकडं आलोत, तर पेशीवर पेशी नुसती पुढं जायली. ज्याचा कब्जा त्याचं घर.

"व्यंकटराव काय हितं राहून मार खाणार हाय का?" कोंडाबाई म्हणली. "म्हून भाडेकरू ठेवतो. आन् गाव भुजंगरावच्या अंगाचं. तुमच्या आधी दर्जी व्हता. भुजंगरावच्या पोरांनी त्याचे दोन्ही अंगठे मोडले. शिलाईचं मशीन पाठीवर बांधून गेला बिचारा."

ऊन उतरलं तरी मी चूल पेटवली न्हाई. हे आल्यावर मी सगळं सांगितलं. हे हातपाय धुत ऱ्हायले.

मी म्हणलं, "तुमाला ठावूक व्हतं."

"व्हतं."

"दर्ज्याचं बी?"

"त्याचं बी. अगं, तुला सांगितलं असतं तर आली असतीस का तू? त्या गटारावर केवळा दुसऱ्या पावसाळ्यात टिकली नसती. आन् व्यंकटराव म्हणलेत, निकाल लागला की मागले दोन खण आपल्या नावावर करून देतो. आपल्या नावावर, कमळे! सायकल मारून मारून मी म्हातारा झालो तरी परभणीत आपलं काही व्हणार न्हाई."

माझ्या हातात तांब्या व्हता. मी तो फेकला. कपाळ फुटलं. रगत डोळ्यात उतरलं तरी त्यांनी हात उचलला न्हाई. खाली बसून स्वतःच सरपण लावून चूल पेटवली. मी बघत ऱ्हायले.

जिनिंगमध्ये सांगितलं, सायकलवरून पडलो.

कमळ


पोखर्णी, २५ फेब्रुवारी १९५७

अक्का,

तुझं पत्र पोचलं. दोन ओळींचं का असंना, आलं. ह्यांना वाचून दाखवलं. "घर सोडा, हितं काम बघतो" असं भाऊजी म्हणतेत हे ऐकून हे हसले. म्हणले, "तवा म्हणत व्हते, आताबी म्हणतेत. मी कुणाच्या वसरीत ऱ्हाणार न्हाई." खरं सांगू? मलाबी त्यादिशी तुझ्या दारात यायची लाज वाटली.

पर त्याच्या दुसऱ्या दिशी भुजंगरावची माणसं आली.

दुपार व्हती. मी भाकरी थापत व्हते. चार जण आत आले, काठ्या घेऊन. एकानं माझ्या हातातलं पीठ लाथंनं उडवलं. दुसऱ्यानं आडाचं पाणी आणून चुलीत वतलं, आन् काठीनं चूल फोडली. मडकी फोडली, ज्वारी अंगणात वतली, तिच्यात मुतले. मी ओरडले तर माझे केस धरून मला उंबऱ्यावरनं फरफटत बाहीर काढलं. फरशीवर माझा गुडघा सोलत गेला. केवळा माझ्या लुगड्याला धरून व्हती, ती बी तशीच वढत आली. एक जण म्हणला, "आज केस धरलेत. पुढच्या खेपंला लुगडं धरू."

गाव बघत व्हतं. पोलीस पाटलाकडं गेले तर म्हणला, "नावं ठावूक हायेत का? गवाह कोण?" मी गावाकडं बोट केलं. तो म्हणला, "ते न्हाई सांगणार. त्यांना हितंच ऱ्हायचं हाय."

कोंडाबाईनं मला तिच्या तळावर नेलं, जखमंवर हळद दाबली. तिच्या मेंढरांत केवळा झोपली.

हे सांजंला आले. फुटकी चूल बघितली आन् बाहीरून माती आणली, पाणी आणलं आन् नवी चूल घालाय बसले. मी म्हणलं, "उद्या निघू." हे म्हणले, "कुठं?" मी म्हणलं, "कुठंबी." त्यांनी चिखलाचे हात माझ्यापुढं धरले. म्हणले, "केवळाचा आवाज ऐक. खोकायलीय का? न्हाई ना? मंग मी रोज दहा कोस जाईन, मार खाईन, पर त्या गटारावर वापस जाणार न्हाई."

अक्का, मला तवा त्यांचं पटलं. हे तुला सांगायलाच पायजे. त्यांनी एकट्यानं ठरवलं असं समजू नको.

कमळ


परभणी, सरकारी दवाखाना, १९ मार्च १९५७

अक्का,

कागुद नर्सबाईनं दिला. हे समोर खाटंवर हायेत. जिवंत हायेत, हे आधी वाच.

होळीच्या आदल्या सांजंला, दिवस मावळायला, हे पोखर्णीच्या अलीकडं आले. तिथं दोन बाभळी हायेत. त्यांच्यामधी सडकंला आडवा दोर बांधला व्हता, छातीइतका उंच. दिवसभर इंजनापाशी उभं राहून आलेलं माणूस, मान खाली घालून पाय मारायलं. दोर गळ्यात बसला. पडले तवा दबा धरून बसलेल्या तिघांनी ह्यांना उठू दिलं न्हाई. दोघं छातीवर बसले आन् तिसऱ्यानं पाय दगडावर ठिवून गुडघ्यावर दुसरा दगड घातला. कितींदा ते ह्यांना सांगता येईना. जाताना सायकलचा हँडल वाकवून गळ्यात आडकवून गेले. कापसाच्या बैलगाड्या परभणीकडं जात व्हत्या, त्यांनी उचलून आणलं.

गुडघ्याची वाटी फुटलीय. डॉक्टर म्हणले, चालता येईल, पर पाय वाकणार न्हाई. सायकलचं नाव काढू नका. जिनिंगच्या मिस्त्रीनं बसून करायचं काम देतो म्हणलंय, पर त्यासाठी रोज परभणीला यायचं कसं?

व्यंकटराव आले व्हते. धोतर पांढरं शुभ्र. खाटंपाशी उभं राहून पैला शब्द काय काढला ठावूक हाय? "घरी कोण हाय? चूल कोण पेटवतंय?" कोंडाबाई पेटवायली म्हणलं तर म्हणले, "धनगरीण चालणार न्हाई, कोर्टात तिला कोण मानतंय. तू जा. पेशी जवळ आलीय. एवढ्या दिसांचं वाया घालवू नका."

हे भिंतीकडं तोंड करून पडले व्हते. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान हालवली.

उद्या मी केवळाला घेऊन वापस जाते.

कमळ


परभणी, ११ एप्रिल १९५७

अक्का,

सगळं ठीक हाय. ह्यांचं प्लास्टर काढलं. केवळा बरी हाय. गावाकडून तुला कुणी काही सांगितलं तर इश्वास ठेवू नको. तू यायची घाई करू नको, हितं ऱ्हायला जागा न्हाई.

कमळ


परभणी, ५ मे १९५७

अक्का,

मागचं पत्र खोटं व्हतं. ते लिहिलं तवा मी कोठडीतून नुकती सुटले व्हते. सावकाश वाच, आन् भाऊजींनाबी वाचून दाखव.

एप्रिलच्या सुरवातीला, सकाळी, मी अंगणात सरपण फोडत व्हते. भुजंगराव आला. त्या दिवसापोतर मी त्याला बघितला नव्हता. उंच माणूस, डोक्याला पटका, एका अंगाला कान न्हाई. बरोबरचे तिघं फाटकाशी थांबले. तो एकटाच आत आला. हात रिकामे.

तो म्हणला, "बाई, गुडघा फोडा असं मी म्हणलो नव्हतो. भेव दाखवा म्हणलो. पोरं माझ्या हातात ऱ्हायली न्हाईत. पर आता पुरे झालं. हे माझ्या मायचं घर हाय. आतल्या खणात ती गेली. तू निघ. गाडी जुपून ठेवलीय, परभणीपोतर पोचवतो."

तो माझ्या अंगावरून घरात गेला. मी कुऱ्हाड घेऊन मागं गेले.

अक्का, तो आमचं अंथरूण गोळा करत व्हता. लाथंनं न्हाई. खाली वाकून केवळाची वाकळ घडी करत व्हता. काठाला काठ जुळवून. मी मागून त्याच्या मानंवर घाव घातला. तो वळला, माझ्याकडं बघितलं. काहीतरी म्हणाय लागला. मी दुसरा घातला.

त्या वक्ताला माझ्या डोक्यात काय व्हतं हे सगळेच विचारतेत. मला ह्यांचा पाय दिसत व्हता, आन् मी फरशीवर फरफटत गेलेली दिसत व्हते. आन् बाळ दिसत व्हतं, जे ह्या माणसानं कवा बघितलंबी नव्हतं. सगळ्यांचं मी त्याच्यावर काढलं.

फाटकावरचे धावत आले तवा मी दार लावून घेतलं. ते दारावर धडका घालत ऱ्हायले, कुदळी घातल्या. लोखंडाच्या पट्टीनं दार धरलं. पोलीस जवान येईपोतर दार धडधड वाजत व्हतं. आत आमी तिघं, मी, तो, आन् केवळा. ती अंथरुणामागं बसली व्हती. मला आधी दिसलीच न्हाई. तिनं सगळं बघितलं.

जिनिंगच्या मिस्त्रीनं जामीन दिला म्हून मी बाहीर हाय. घराला कोर्टानं सील ठोकलं. आता कुणाचीच चूल पेटत न्हाई तिथं. आमी परत त्याच तबेल्यामागच्या खोलीत हाव.

सुटून आले त्याच आठवड्यात भुजंगरावची बायको कडूबाईनं कोर्टाच्या आवारात मला गाठलं. तिनं पायातली चप्पल काढली आन् माझ्या तोंडावर मारली. परत मारली. लोक धरायला आले तर मी म्हणलं, धरू नका. तिचा हात थकला तवा मी म्हणलं, "बाई, मी कोर्टात सांगते, घर तुमचं हाय."

ती म्हणली, "घर घेऊन काय चाटू? तो घर मागत व्हता. मी कवा मागितलं?"

तोंड सुजलेलं घेऊन खोलीवर आले तर व्यंकटराव बसले व्हते, संगं वकील. व्यंकटरावांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. कसं सांगू तुला, लगीन ठरल्यावानी चेहरा. वकील म्हणला, "साधी गोष्ट हाय. कुऱ्हाड त्यानंच आणली व्हती, त्यानंच उगारली. झटापटीत त्यालाच लागली. एवढं म्हणलीस की सुटशील." व्यंकटराव म्हणले, "आन् सगळं घर तुझ्या नावावर. तीनही खण. मी शब्द देतो."

ते गेल्यावर हे म्हणले, "म्हण ना, कमळे. तेवढंच तर म्हणायचं हाय. कोण बघितलंय?"

मी म्हणलं, "केवळानं बघितलंय."

"ती लहान हाय. इसरल."

"मोठी झाल्यावर मला इचारील, माय, तो तर माझी वाकळ घडी करत व्हता. मंग मी काय सांगू?"

हे लय येळ रडले. वाकत न्हाई तो पाय पुढं सोडून, भिंतीला टेकून. मी त्यांच्या कपाळाची जुनी खूण बघत बसले. मी त्यांना दोष दिला न्हाई. दहा कोस रोज माझ्यासाठीच तर तुडवत व्हते. पर मी ठरवलंय. घडलं तसंच सांगणार. त्याचे हात रिकामे व्हते, म्हून सांगणार. व्यंकटरावनं आमाला तिथं कशाला बसवलं व्हतं तेबी सांगणार. मंग जे व्हईल ते. किती वर्षं देतेत ठावूक न्हाई.

म्हून लिहायलेय. केवळाला तुझ्याकडं पाठवते. तुला मी कवाच काही मागितलं न्हाई, मागायचं तोंडबी ठेवलं न्हाई. तरी मागते. पेशीच्या आधी हे तिला घेऊन सिकंदराबादला येतेत. ह्यांना गाडीतून उतरायला येळ लागतो, भाऊजींना फलाटावर पाठव. हे तुमच्या वसरीत ऱ्हायला तयार हायेत. स्वतःच म्हणलेत. त्यांना टोचून बोलू नको, जे बोलायचं ते मला पत्रात लिही.

केवळाला भाकरी कडक लागती. दूध न्हाई पीत, ताक पिती. सध्या बोलत न्हाई. आधी लय बडबडायची, एप्रिलपासून बोलत न्हाई. बोल म्हून मागं लागू नको. तुझ्या लेकीच्या शेजारी झोपव. तिच्यापुढं माझी आठवण काढून रडू नको, तिच्यासमोर माझं नाव चांगलंबी काढू नको, वाईटबी काढू नको. मोठी झाली की मीच सांगीन.

आन् अक्का, घरात सगळ्यांना सांगून ठेव. दार हळू लावा. ती असंल तवा दार आपटू देऊ नको.

तुझी,
कमळ